दुसऱ्याच्या दारात गेल्यावर या चुका टाळा

कोल्हापूरचं घर येणाऱ्याला मोकळं असतं. नुसता पत्ता विचारायला थांबलेल्या माणसालाही "या की, पाणी तरी घ्या" म्हणणारी माणसं पेठांत आजही आहेत. या मोकळेपणाचा सगळा भार दार उघडणाऱ्यावर पडतो, हे मात्र दारात येणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही. पत्रिका द्यायला जाणारे, वर्गणी मागणारे, पार्सल पोचवणारे, सर्व्हेचा कागद घेऊन फिरणारे, भाडेकरूकडे डोकावणारे घरमालक आणि "सहजच आलो होतो" म्हणणारे आपण सगळेच यात आलो. दार उघडणारा हातातलं काम टाकून आलेला असतो. हा कोण, कशाला आला, आत घ्यायचं की बाहेरच बोलायचं, हे त्याला उभ्या-उभ्या ठरवायचं असतं. त्याला ते सोपं जाईल असं वागणं हे येणाऱ्याचं काम. बहुतेक चुका तिथंच होतात.

"कोण?" "मी!"

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. वाड्यांना बेल नव्हती तेव्हा येणारा चौकटीबाहेरून हाळी द्यायचा, "वैनी, हायसा का घरात?" आवाजावरूनच माणूस कळायचा. वासुदेवाच्या चिपळ्या गल्लीच्या तोंडाशी वाजायच्या. मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागायला येणारी जोगतीण "उदं गं आई, उदं" म्हणतच दारात यायची, आणि घरातली बाई सुपात पीठ-धान्य घेऊनच बाहेर निघायची. बेल एवढंच सांगते की कुणीतरी आलंय. बाकीचं आपण बोलून सांगावं लागतं.

म्हणून आतून "कोण?" ऐकू आलं की पूर्ण उत्तर द्या: नाव, कुठून आलात, काय काम. "मी मंगळवार पेठेतनं आलोय, तुमच्या सूनबाईंच्या ऑफिसात असतो, लग्नाची पत्रिका द्यायची होती." एवढ्यात आतल्या माणसाला सगळं कळतं. आवाज दारापलीकडे जाईल इतका हवा, गल्लीभर नको. हेल्मेट आणि तोंडाला बांधलेला रुमाल किंवा स्कार्फ बेल दाबायच्या आधीच काढा. दाराच्या भिंगातून दिसाल असे समोर उभे राहा, पण दोन पावलं मागे. जाळीची दारं बहुतेक बाहेरच्या बाजूला उघडतात, आणि दाराला चिकटून उभ्या असलेल्या माणसाला बघून आतली बाई कडी काढताना कचरते.

कामासाठी येणाऱ्यांनी ओळखपत्र मागितल्यावर खिसे चाचपू नयेत. मीटरचं रीडिंग असो, गॅसची तपासणी असो, कार्ड आधीच गळ्यात दिसू द्या. याबाबत आशाताईंकडून, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या आशा आरोग्य स्वयंसेविकांकडून, शिकावं. बाळाचं नाव घेऊन हाक मारतात, दारातच थांबतात, लसीकरणाचं कार्ड बघतात आणि पुढच्या घराला लागतात.

बेल वाजवली, कुणी आलं नाही. आता?

एकदा बेल दाबा आणि थांबा. मिनिटभर तरी थांबा. आत गुडघे धरून उठणाऱ्या आजी असतील, कुणी आंघोळीला गेलं असेल, कुणी पूजेला बसलं असेल. मग दुसऱ्यांदा दाबा. तरीही कुणी आलं नाही तर फोन करा, आणि फोनही उचलला नाही तर परत फिरा. तिसऱ्या बेलेनंतर आतल्या माणसाच्या मनात एकच विचार येतो, काहीतरी वाईट घडलंय. बेलवर बोट दाबून धरणं तर कधीच नको.

बेल वाजल्याचा आवाजच आला नाही तर लाईट गेली असेल. दाराची कडी दोनदा वाजवा आणि नाव सांगा. दारावर थापा मारू नका, खिडकीतून आत डोकावू नका. खिडकी उघडी असली तरी ती दुसऱ्याच्या घराची आहे.

घर बंद दिसलं की लोक आणखी एक चूक करतात. पत्रिका, पाकीट, जाहिरातीचा कागद कडीत खोचून जातात. दोन दिवस तो कागद तसाच राहिला की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कळतं, या घरात कुणी नाही. शेजारणीला गल्लीतूनच "कुठं गेल्यात ओ ह्या? कधी येणार?" असं विचारणंही तसंच. शेजारच्या घरी हळू आवाजात निरोप ठेवा किंवा मोबाईलवर संदेश पाठवा.

वेळ

पेठेपेठेत नळाला पाणी यायची वेळ वेगळी असते. त्या वेळी घरातला प्रत्येक हात कामात असतो. जायच्या आधी विचारून घ्या. दुपारी एक ते चार म्हाताऱ्या माणसांची झोप मोडू नका. तिन्हीसांजेला, देवापुढं दिवा लावायच्या वेळी, हिशेबाच्या किंवा वसुलीच्या गोष्टी काढू नका.

काही वेळा नियमानंच ठरलेल्या आहेत. थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी बँका आणि वित्तसंस्थांच्या एजंटांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलेलं आहे. फोनलाही जी वेळ चालत नाही, त्या वेळी दारात जाऊन उभं राहणं कसं चालेल? घरमालकांनीही हे लक्षात घ्यावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २८ प्रमाणे मालकाला भाड्यानं दिलेली जागा पाहता येते, पण भाडेकरूला आधी कळवून आणि रास्त वेळी. "माझंच घर आहे, कधीही येईन" हे बोलणं कायद्यातही बसत नाही आणि माणुसकीतही नाही.

"एकट्याच आहात का घरी?"

हा प्रश्न कुणीही, कोणत्याही हेतूनं विचारू नये. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, हे मान्य. पण दारातल्या बाईच्या किंवा एकट्या आजोबांच्या पोटात गोळा येतो. "साहेब आहेत का?" हाही त्याचाच भाऊ. जे काम आहे ते समोरच्या माणसाला सांगा. बाईनं दार उघडलं तर तीही त्या घराची कर्ती आहे. तिच्याशी बोलून काम होत असेल तर पुरुषाला बोलवायला लावू नका.

लहान मुलानं दार उघडलं तर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नका. "आईला हाक मार, मी इथंच थांबतो" एवढंच बोला. मुलाच्या हातात पैसे, ओटीपी किंवा सहीचा कागद देऊ नका. घरात मोठं माणूस नसेल तर पुन्हा या.

पत्रिका देताना

लग्नाची पहिली पत्रिका अंबाबाईला, मग कुलदैवताला, म्हणजे आपल्याकडं बऱ्याच घरांत जोतिबाला. इथवर कुणाची चूक होत नाही. चुका पुढं सुरू होतात. स्कूटर चालूच ठेवून पत्रिका हातात कोंबणं, पाकिटावर नाव न लिहिणं, तारीख आणि कार्यालय तोंडानं न सांगणं. दोन मिनिटं तरी बसा. घरातल्या थोरल्या माणसाच्या हातात पत्रिका द्या आणि कुणाकुणाला बोलावलंय ते स्पष्ट सांगा. "सगळ्यांनी यायचं" म्हटलं की पुढचा घोळ टळतो.

याहून मोठी एक चूक आहे, आणि ती बघताना दरवेळी जीव तुटतो. पत्रिका घेऊन आलेली बाई कुंकवाची कोयरी काढते. सूनबाईला कुंकू लावते, शेजारणीला लावते. कोचाच्या कडेला बसलेल्या सासूबाईंकडे बोट वळतं, आणि कपाळ बघून मध्येच थांबतं. कोयरीचं झाकण लागतं. सासूबाई पदर सारखा करतात आणि "चहा टाक गं" म्हणत आत जातात. घर त्यांनी उभं केलेलं असतं. त्याच घरात, बाहेरून आलेल्या माणसानं, सगळ्यांसमोर त्यांना वगळलेलं असतं.

आपल्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आपण तर नुसते पत्रिका द्यायला निघालेलो असतो. आपल्याला ठरावही लागत नाही. पत्रिका आधी सासूबाईंच्या हातात द्या. मग घरातल्या प्रत्येक बाईला एकाच शब्दांत विचारा, "लावू ना?" काही जणी नको म्हणतील, तो त्यांचा निर्णय. तो आपण परस्पर घेऊन टाकायचा नाही. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाचं बोलावणं करतानाही हेच. निरोप देताना घरातली एक बाई सोडून बाकीच्यांची नावं घेऊ नका.

वर्गणी

दहा-पंधरा जणांनी दारात गर्दी करू नका. दोघं-तिघं पुरेत, त्यातला एक त्या घराच्या ओळखीचा असावा. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. तो कागद आणि पावती पुस्तक बरोबर ठेवा. "शेजाऱ्यांनी दोन हजार दिले" असं म्हणू नका. कुणी यंदा जमणार नाही म्हटलं तर "असू दे काका, आरतीला या" म्हणून निघा. आपल्याकडं तालमी आणि मंडळांचा शब्द गल्लीत चालतो. त्या शब्दाचं वजन दारात उभ्या असलेल्या पेन्शनरवर टाकू नका.

उंबरा, रांगोळी, चपला

रांगोळी वळसा घालून पार करा. पाय पडलाच तर गुपचूप पुढं जाऊ नका, सांगा. घरच्या बाईला ती पुन्हा काढता येते. उंबऱ्यावर उभं राहून बोलू नका, आणि देणं-घेणं उंबऱ्याच्या एकाच बाजूला करा. चपला दाराच्या वाटेत न सोडता कडेला जोडून ठेवा. नवरात्रात घट बसलेले असतात, तेव्हा बोलावल्याशिवाय आतल्या खोलीकडं वळू नका. कुत्रं भुंकत असेल तर ते बांधेपर्यंत फाटकाबाहेर थांबा. "काही करत नाही ओ" असं मालक म्हणाला तरी बांधायला सांगण्यात गैर काही नाही.

दार उघडं आहे म्हणून

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी मागं टाकली. पाणी उतरल्यावर नदीकाठच्या घरांची दारं सताड उघडी होती, गाद्या आणि भांडी अंगणात वाळत होती. मदत घेऊन आलेल्यांतले काहीजण तसेच आत शिरले, फोटो काढले, किट हातात देताना "इकडं बघा" म्हणाले. मदत देणाऱ्याची भावना चांगली होती. पण दार उघडं होतं ते ओल जावी म्हणून. आत येऊ का, हे तेव्हाही विचारायला हवं होतं, आणि फोटोसाठी तर हवंच होतं.

मयताच्या घरी तर आणखी जपून. बेल वाजवू नका, दार लोटलेलं असतं. कसं झालं, किती वाजता झालं, हे घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका; ते आलेल्या प्रत्येकाला तेच सांगत असतात. थोडा वेळ शांत बसा, आणि उठताना "येतो" म्हणू नका. नुसता हात जोडून निघा.

उठायची वेळ

"बसा की, च्या टाकलाय" याला कोल्हापुरात नाही म्हणणं अवघड. म्हणून किती वेळ आहे ते आल्या-आल्याच सांगून टाका: "दहा मिनिटं बसतो, पुढं राजारामपुरीत जायचंय." मग घरच्यांना चहा टाकायचा की जेवणाचं बघायचं ते ठरवता येतं. "जेवूनच जावा" हा आग्रह मनापासून असतो, पण न कळवता गेला असाल तर तो मानू नका. घरातल्या कुणाला तरी पुन्हा चुलीपुढं उभं राहावं लागतं. अर्धा कप चहा घ्या आणि उठा.

उठल्यावर खरंच निघा. दारात उभं राहून रंगणाऱ्या गप्पा बसून मारलेल्या गप्पांपेक्षा लांबतात, आणि तोवर यजमान अवघडून उभा असतो. अपार्टमेंटमध्ये असाल तर जिन्यातली मोठ्यानं चाललेली बोलणी चारही मजल्यांना ऐकू जातात. जाताना फाटक जसं सापडलं तसं ठेवा. बंद होतं तर कडी लावा, कारण घरातलं लहान पोर किंवा कुत्रं आपल्या पाठोपाठ रस्त्यावर येतं, आणि आत गेलेल्या यजमानाला ते लगेच कळत नाही.