वेबसाइट सुरू झाली, पण कोणी फिरकत नाही? फुकट प्रचारातल्या या चुका टाळा

वेबसाइट सुरू होऊन तीन आठवडे झाले. लिंक चाळीस-पन्नास ग्रुपांत टाकून झाली, नातेवाइकांनी आणि मित्रांनी मनापासून अभिनंदन केलं, पण चौकशीचा फोन एकही नाही. छोट्या व्यवसायांच्या वेबसाइट उभ्या करून देताना ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की प्रचार कुठे-कुठे केला हे मी आता आधी विचारतच नाही. मी विचारते, "तुमची वेबसाइट गूगलमध्ये दिसते का, हे तपासलंत का?" बहुतेकांनी तपासलेलं नसतं.

फुकटच्या प्रचारात पैसा लागत नाही, पण वेळ लागतो, आणि एकट्यादुकट्याने चालवलेल्या व्यवसायात वेळाचीच सगळ्यात जास्त ओढाताण असते. माणसं मेहनत भरपूर करतात, फक्त क्रम उलटा होतो. आधी गावभर दवंडी पिटली जाते आणि दाराला आतून कडी आहे हे नंतर कळतं. म्हणून खालच्या चुका ज्या क्रमाने तपासाव्यात, त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

## वेबसाइट गूगलमध्ये दिसतच नाही

गूगलच्या शोधचौकटीत इंग्रजीत 'साइट' हा शब्द, त्याला लागून कोलन आणि मध्ये जागा न सोडता आपल्या वेबसाइटचा पत्ता टाइप करा. आपली पानं यादीत आली, तर निदान नोंद झाली आहे. एकही पान आलं नाही, तर इतर कुठलाही प्रचार थांबवून आधी हे सोडवा.

नेहमी सापडणारं कारण अगदी साधं असतं. वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' नावाचं पान आहे. शोधयंत्रांनी ही साइट यादीत घेऊ नये, अशी विनंती करणारी एक चौकट तिथे असते. साइट बांधताना ती चौकट टिक केलेली असणं योग्यच, कारण अर्धवट पानं लोकांना दिसायला नकोत. पण साइट खुली केल्यावर ती टिक काढायची राहून जाते. वेबसाइट दुसऱ्या कोणाकडून करून घेतली असेल, तर त्यांना हा एक प्रश्न स्पष्ट विचाराच.

दुसरं कारण जरा आतलं आहे. रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची फाइल शोधयंत्राला 'हे पान वाचू नका' असं सांगते, आणि पानाच्या कोडमधला 'नोइंडेक्स' हा टॅग (शोधयंत्रासाठीची खूण) 'हे पान यादीत दाखवू नका' असं सांगतो. ही दोन वेगळी कामं आहेत. एखादं पान यादीतून काढायचं म्हणून दोन्ही एकदम लावले, तर गूगल ते पान वाचू शकत नाही आणि म्हणून नोइंडेक्सही त्याला दिसत नाही. उलट, पान यादीत आणायचं असेल तर दोन्हीकडून वाट मोकळी हवी.

हे तपासायला 'गूगल सर्च कन्सोल' ही मोफत सोय आहे. साइटची मालकी सिद्ध करा, साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी असलेली फाइल, जमा करा आणि महत्त्वाच्या चार-पाच पानांचे पत्ते वरच्या तपासणीच्या चौकटीत टाकून बघा. पान यादीत का नाही, याचं कारण तिथे लिहिलेलं मिळतं. एका साइटमॅपमध्ये 50,000 पत्ते मावतात, तेव्हा छोट्या व्यवसायाला एकच पुरतो. 'इंडेक्सिंगची विनंती', म्हणजे पान यादीत घ्या असं सांगणारं बटण मात्र रोज दाबत बसू नका. एकाच पानाची विनंती पुन्हा पुन्हा केल्याने काम लवकर होत नाही, शिवाय दिवसाला किती विनंत्या करता येतात यालाही मर्यादा आहे. हे सगळं झालं की बिंग या मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्राच्या वेबमास्टर टूल्समध्येही साइट जोडा. सर्च कन्सोलमधली माहिती तिथे थेट आणता येते, त्यामुळे काम पाच मिनिटांचं आहे.

यानंतर थोडी कळ काढावी लागते. बदलांचा परिणाम दिसायला काही तासांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो, असं गूगलच्या मार्गदर्शिकेतच म्हटलं आहे. या काळात धीर सुटून साइटची रचना आणि पानांचे पत्ते बदलण्याची चूक फार जण करतात. पत्ते बदलले की जुनी नोंद निरुपयोगी होते. बदलावेच लागले, तर जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमचं वळण (रीडायरेक्ट) लावून द्या.

## नावाने सापडते, कामाने सापडत नाही

व्यवसायाचं नाव टाकलं की साइट वर येते आणि मालक निश्चिंत होतो. पण नाव आधीच ठाऊक असणाऱ्यालाच ते टाइप करता येतं. नवा माणूस आपली अडचण टाइप करतो. त्याच्या शब्दांशी आपल्या पानाची गाठ पडली पाहिजे, आणि फुकट प्रचारातलं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे असं माझं ठाम मत आहे.

समजा, कोणी घड्याळं दुरुस्त करतं. मुख्य पानाचं शीर्षक नुसतं 'होम' आणि खाली 'वेळेशी नातं जपणारी सेवा' असं भरजरी वाक्य. घड्याळ पाण्यात पडलेला माणूस यातलं काय शोधणार? तो 'घड्याळात पाणी गेलं काय करावं', 'घड्याळ मागे पडतं', 'काच बदलून मिळेल का' असं लिहितो. यातल्या प्रत्येक प्रश्नाला एक स्वतंत्र पान द्यावं. त्यावर पहिल्या दोन ओळींत सरळ उत्तर असावं, मग घरी काय करता येईल आणि काय करू नये ते लिहावं, आणि शेवटी आपल्याकडे काय होऊ शकतं ते सांगावं. शीर्षकात तोच प्रश्न किंवा त्या कामाचं नाव हवं.

हे शब्द शोधायला पैसे देऊन साधनं घ्यायची गरज नाही. आठवडाभर फोनजवळ वही ठेवा आणि लोक ज्या शब्दांत विचारतात, त्याच शब्दांत ते टिपून ठेवा. गूगलमध्ये दोन शब्द टाइप करून खाली उमटणाऱ्या सूचना वाचा. दोन-तीन महिन्यांनी सर्च कन्सोलचा कामगिरीचा अहवाल उघडा. कोणत्या शोधांत आपण दिसलो, किती वेळा दिसलो आणि किती जणांनी टिचकी मारली, हे तिथे कळतं. ही माहिती 16 महिन्यांपर्यंतची मिळते. जिथे दिसतो पुष्कळ वेळा पण टिचक्या नाहीत, तिथे शीर्षक आणि त्याखालचं वर्णन पुन्हा लिहा. वर्णनामुळे क्रमांक वर जात नाही, पण ते वाचून माणूस आत यायचं की नाही हे ठरवतो.

काही जण अजूनही पानाच्या कोडमधल्या 'कीवर्ड्स' टॅगमध्ये शंभर शब्द कोंबतात. वेब शोधातल्या क्रमवारीसाठी आपण तो टॅग वापरत नाही, हे गूगलने 2009 मध्येच जाहीर केलं होतं. तो वेळ वाचवा.

मजकुराबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती मराठीत लिहिणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. सेवांची सगळी माहिती एका सुंदर चित्रात रंगवून ठेवली, तर तिचा शोधात फार थोडा उपयोग होतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर चिकटवला, तर डोळ्यांना मराठी दिसलं तरी आत इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. त्यातला एखादा शब्द निवडून शोधचौकटीत चिकटवून बघा. तो देवनागरीतच उमटला, तर मजकूर ठीक आहे.

## लिंक सगळीकडे टाकली, उघडली कोणीच नाही

पन्नास ग्रुपांत एकच मजकूर चिकटवणं हा प्रचार मला मनापासून आवडत नाही. लोक वैतागतात, ग्रुपचे चालक काढून टाकतात, आणि तोच तोच मजकूर वारंवार टाकणारं खातं स्पॅम म्हणून अडकू शकतं. ज्या दोन-तीन ठिकाणी आपल्या विषयावर खरंच प्रश्न विचारले जातात, तिथेच राहा. आधी पूर्ण उत्तर तिथेच लिहा. आपल्या पानावर त्याहून सविस्तर माहिती असेल तरच लिंक द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवल्यावर चित्र आणि शीर्षक येत नसेल, तर पानात ओपन ग्राफचे टॅग, म्हणजे लिंकची झलक कशी दिसावी हे सांगणाऱ्या कोडमधल्या खुणा, नाहीत असं समजा. फेसबुकने 2010 मध्ये ही पद्धत आणली, आणि आज बहुतेक ठिकाणी लिंकची झलक त्यावरूनच तयार होते. शीर्षक, वर्णन आणि साधारण 1200 बाय 630 पिक्सेलचं चित्र भरलं की काम झालं. भरूनही जुनीच झलक दिसत असेल, तर फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये पत्ता टाकून ती नव्याने वाचायला लावा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत नाव घातलं म्हणजे संदेश पोचलाच असं नाही. ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे, त्यांनाच तो मिळतो. म्हणून काम झालेल्या ग्राहकाला नंबर साठवायला सांगणं, हीच त्यातली पहिली पायरी. इन्स्टाग्रामवर पोस्टच्या मजकुरात लिहिलेला पत्ता टिचकी मारून उघडत नाही. तो प्रोफाइलमध्ये द्या, किंवा स्टोरीत लिंकचं स्टिकर लावा.

## नकाशावरची नोंद धोक्यात घालणं

ज्यांची ग्राहकाशी प्रत्यक्ष भेट होते, त्यांच्यासाठी 'गूगल बिझनेस प्रोफाइल' ही मोफत नोंद वेबसाइटइतकीच कामाची आहे. ग्राहकाकडे जाऊन काम करणाऱ्यांना पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवता येतो. केवळ ऑनलाइन विक्री करणाऱ्यांसाठी मात्र ही सोय नाही. 2021 च्या नोव्हेंबरपर्यंत हिचं नाव 'गूगल माय बिझनेस' होतं, त्यामुळे जुन्या व्हिडिओंत ते नाव ऐकून गोंधळू नका. त्याच व्हिडिओंत या नोंदीतून फुकट वेबसाइट बनवायला शिकवलेलं असतं. ती सोय 2024 च्या मार्चमध्ये बंद झाली.

या नोंदीत नावाला शेपट्या जोडू नका. पाटीवर जे नाव आहे तेच इथे लिहा. 'उत्तम, स्वस्त, जवळची घड्याळ दुरुस्ती' असे शब्द नावात घालणं नियमाविरुद्ध आहे आणि त्यासाठी नोंद स्थगित होऊ शकते. स्थगित झालेली नोंद परत मिळवताना जो मनस्ताप होतो, तो मी जवळून पाहिला आहे.

तसंच अभिप्रायांचं. पहिल्याच दिवशी घरच्या मंडळींकडून पाच-पाच तारे लिहून घेणं किंवा अभिप्रायाच्या बदल्यात सूट देणं, दोन्हींना मनाई आहे. आणि नियम बाजूला ठेवला तरी, अनोळखी माणूस ज्या अभिप्रायांवर भरवसा ठेवून आपल्याकडे येणार, ते खोटे असणं मला मुळातच पटत नाही. काम पूर्ण झालं आणि ग्राहक समाधानाने बोलतोय, त्याच दिवशी अभिप्रायाची लिंक पाठवा. नाराजीच्या अभिप्रायालाही शांतपणे, मुद्द्याला धरून उत्तर द्या. पुढचा ग्राहक ते उत्तर वाचतोच.

## 'हजार लिंक फुकट' या आमिषाला भुलणं

दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंकचं महत्त्व आहेच. पण एका झटक्यात हजार ठिकाणी नोंद करून देणाऱ्या सेवांच्या वाटेला जाऊ नका. अशा बनावट लिंकांवर गूगलने 2012 च्या एप्रिलमध्ये 'पेंग्विन' नावाचा बदल आणला, तेव्हापासून त्यांचा फायदा शून्य आणि धोका खरा. ज्यांच्याकडून माल घेता, ज्या संघटनेचे सभासद आहात, जिथे तुम्ही शिकवलंत, त्यांच्या साइटवर आपलं नाव-पत्ता देता येईल का ते विचारा. अशा पाच-सहा लिंक मिळाल्या तरी पुष्कळ. सगळीकडे नाव, पत्ता आणि फोन एकसारखाच लिहिलेला असू द्या.

## लोक येतात आणि तसेच परत जातात

स्वतःच्या फोनवर, वाय-फाय बंद करून, आपली साइट उघडून बघा. कॅमेऱ्यातून काढलेले चार-पाच एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवले असतील, तर पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो. 'पेजस्पीड इनसाइट्स' हे मोफत साधन नेमकं कुठे अडतंय ते सांगतं. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस (माहितीची सुरक्षित देवाणघेवाण दाखवणारी खूण) नसेल, तर क्रोम 2018 च्या जुलैपासून अशा साइटला 'सुरक्षित नाही' असं म्हणतं. त्यासाठीचं प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट'कडून फुकट मिळतं. फोन नंबर चित्रात नको, बोट लावताच फोन लागेल असा हवा.

आणि संपर्काचा फॉर्म स्वतः भरून बघा, हे मी कळकळीने सांगते. मी केलेल्या एका साइटवर फॉर्ममधून येणारे मेल सहा आठवडे स्पॅममध्ये पडत होते. माणसं येत होती, लिहीत होती, उत्तराची वाट पाहत होती, आणि आम्ही मात्र प्रचार कमी पडतोय असं समजून रोज नवी पोस्ट टाकत होतो. त्यातले काही जण नंतर भेटले, पण तोवर त्यांनी काम दुसरीकडे दिलेलं होतं. आता प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला मी प्रत्येक फॉर्म वेगळ्या मेल पत्त्यावरून भरून पाहते.

## कुठून कोण आलं, हे न मोजणं

अ‍ॅनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या साधनात, आधी स्वतःच्या भेटी वगळा. नव्या साइटवरचे निम्मे आकडे मालकाचे आणि साइट बनवणाऱ्याचेच असू शकतात. वेगवेगळ्या ठिकाणी लिंक देताना तिच्या शेवटी यूटीएमची खूण, म्हणजे लिंक कुठे दिली ते सांगणारे शब्द, जोडा, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले आणि फेसबुकवरून आलेले वेगळे कळतात. फोन करणाऱ्याला मात्र तोंडी विचारावं लागतं. "आमच्याबद्दल कुठून कळलं?" हा प्रश्न आणि त्याचं उत्तर त्याच फोनजवळच्या वहीत, तारखेसह लिहा. तीन महिन्यांत ज्या ठिकाणाचं नाव वहीत एकदाही आलं नाही, तिथे पोस्ट टाकणं थांबवा आणि तो वेळ पुढचा प्रश्न घेऊन नवं पान लिहायला वापरा.