घड्याळ त्यांचं सरकतं, नुकसान आपलं होतं: करन्सी ट्रेडिंगमधल्या या चुका टाळा

मार्च उजाडला की ठरलेले प्रश्न येतात. "अमेरिकेचा डेटा (महागाईचे, रोजगाराचे आकडे) आज तासभर आधीच कसा आला?" "ब्रोकरने मुद्दाम स्टॉप (तोटा थांबवणारी ऑर्डर) उडवला का?" कोणी काही उडवलेलं नसतं. अमेरिकेने उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे केलेलं असतं (यालाच डीएसटी म्हणतात) आणि आपल्या फोनमध्ये हिवाळ्यातला अलार्म तसाच पडून असतो. ऐरोली-महापे पट्ट्यात अमेरिकन शिफ्ट करणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही, त्यांच्या कॅबच्या पिकअपची वेळच बदलते. ट्रेडिंगवाले मात्र दरवर्षी नव्याने चकित होतात.

लंडन आणि न्यूयॉर्क एकाच दिवशी बदलतात असं धरून चालणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटन आणि युरोपात त्यासाठी मार्चचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार असतो. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर एक आठवडा या दोन शहरांतलं अंतर पाचऐवजी चार तासांचं होतं. २०२६ साली हा काळ ८ ते २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर. २०२७ मध्ये मार्चचा घोळ दोनच आठवड्यांचा, १४ ते २८.

या मधल्या दिवसांत न्यूयॉर्क उन्हाळी वेळेवर असतं आणि लंडन हिवाळी. लंडनचे सकाळचे आठ म्हणजे आपले दुपारचे दीड, न्यूयॉर्कचे सकाळचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. दोन्ही बाजार एकत्र चालू असण्याचा काळ एरवी चार तासांचा, तो पाच तासांचा होतो: साडेपाच ते साडेदहा. मार्च २०२६ मध्ये फेडचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, व्याजदराचा निर्णय १८ तारखेला आपल्याकडे रात्री साडेअकराला, म्हणजे उन्हाळी वेळेने. दुसऱ्याच दिवशी बँक ऑफ इंग्लंडचा निर्णय संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे हिवाळी वेळेने. एकच तक्ता दोन्हीकडे लावणारा यातल्या एकाला चुकणारच.

वाशीतला एक नवखा घ्या. एनएसईवर युरो-डॉलरचं फ्यूचर (पुढच्या तारखेचा सौदा) करतो. हिवाळाभर अमेरिकेचे महागाईचे आकडे आपल्याकडे सातला येतात, त्यामुळे पावणेसातला पोझिशन (चालू सौदा) मोकळी करायची हा त्याचा नेम. घड्याळ कधी बदलतं ते इंटरनेटवर शोधलं, वर आलेली पहिली तारीख उचलली. ती ब्रिटनची, महिन्याच्या शेवटची. आकडे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि आता सहाला. सहाला गडी ठाणे-वाशी लोकलमध्ये, रबाळे आणि घणसोलीच्या मध्ये कुठेतरी. स्टॉपलॉस लावलेला होता, पण लिमिटचा: १.०८५० ला ऑर्डर जागी होणार (ट्रिगर), १.०८४५ च्या खाली विकायचं नाही (लिमिट). भाव एका झटक्यात १.०८२० वर. ट्रिगर लागला, ऑर्डर बुकात गेली, १.०८४५ ला घेणारा कोणी नाही, ऑर्डर पेंडिंग. वाशीला उतरून अ‍ॅप उघडेपर्यंत तोटा वाढत राहिला. मग तक्रार ब्रोकरची.

इथे दोन चुका एकमेकींच्या मदतीला आल्या. तारीख चुकीच्या शहराची होती, आणि ट्रिगर-लिमिटमध्ये पाच पिप्सचीच (पिप म्हणजे भावातलं चौथं दशांश स्थळ) जागा होती. क्रॉस करन्सीत (रुपया नसलेल्या जोड्यांत) आपल्याकडे व्यवहार विरळ, तिथे डेटाच्या वेळी एवढी जागा काहीच नाही.

भारतीय वेळ पाठ करणं सोडा, हा माझा आग्रह आहे. लक्षात ठेवायची ती मूळ शहराची वेळ. अमेरिकेचे रोजगाराचे आणि महागाईचे आकडे न्यूयॉर्कच्या साडेआठला येतात, बारा महिने. गूगल कॅलेंडरमध्ये नोंद करताना टाइम झोन न्यूयॉर्क निवडायचा आणि सकाळी ८:३० लिहायचं. फोन आपोआप सहा किंवा सात दाखवतो. दोन मिनिटांचं काम आहे. तरी लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा 'फॉरेक्स टायमिंग' तक्ता सेव्ह करतात, ज्यावर तो कोणत्या महिन्याचा आहे हेही लिहिलेलं नसतं.

हिवाळ्यात तारीखही पलटते, ते विसरू नका. ९ डिसेंबर २०२६ चा फेडचा निर्णय आपल्याकडे १० तारखेला रात्री साडेबाराला येणार. ९ च्या रात्री साडेअकराला येऊन गेला असं समजून जेवून झोपणारे असतातच.

आपला बाजार जागचा हलत नाही

एनएसईवर रुपयाच्या जोड्या सकाळी नऊ ते पाच, क्रॉस करन्सी साडेसातपर्यंत. बाहेरचं जग तासभर सरकलं तरी ही वेळ तीच. बँक ऑफ इंग्लंड उन्हाळ्यात साडेचारला बोलते, तेव्हा पौंड-रुपया चालू असतो. हिवाळ्यात साडेपाचला, तेव्हा बंद. रोजगाराच्या आकड्यांनंतर क्रॉस करन्सीत उन्हाळ्यात दीड तास मिळतो, हिवाळ्यात अर्धाच तास. आयएसएमचा (अमेरिकी उद्योगांच्या सर्वेक्षणाचा) आकडा न्यूयॉर्कच्या दहाचा: उन्हाळ्यात तो नेमका आपल्या बाजार बंद होण्याच्या घंटेला येतो, हिवाळ्यात घंटेनंतर तासाने. एमसीएक्स (कमोडिटी एक्स्चेंज) अमेरिकेच्या तारखांनुसार बंद होण्याची वेळ बदलतं, पण उन्हाळ्यातल्या रात्री साडेअकराचे हिवाळ्यात ११:५५, म्हणजे पंचवीसच मिनिटं. शेवटच्या तासावर बेतलेली स्ट्रॅटेजी तिथे दोन ऋतूंत दोन वेगळ्या गोष्टी करत असते.

बॅकटेस्टमध्ये 'साडेसहा' ठोकून देणं

बॅकटेस्ट म्हणजे जुन्या डेटावर स्ट्रॅटेजी तपासणं. न्यूयॉर्क उघडल्यानंतरचा पहिला तास तपासायचा म्हणून कोडमध्ये संध्याकाळचे साडेसहा लिहायचे. नोव्हेंबर ते मार्च ते बरोबर असतं. उरलेले जवळजवळ आठ महिने तुम्ही दुसरा तास तपासता, मग सरासरी काढून 'एज नाही', म्हणजे यात फायदा नाही, म्हणता. ईएसटी (न्यूयॉर्कची हिवाळी वेळ) लिहिणं त्याच जातीचं: तो झोन कायम उणे पाच तासांचा, उन्हाळा त्याला कळत नाही. 'अमेरिका/न्यूयॉर्क' हाच झोन वापरा. पायथॉनमध्ये पायटीझेड ही टाइम झोनची जुनी लायब्ररी असेल तर झोन थेट टाइमस्टॅम्पला चिकटवू नका. कोलकात्याचा झोन साडेपाचऐवजी पाच तास त्रेपन्न मिनिटांचा निघतो आणि सगळा डेटा तेवीस मिनिटांनी सरकतो. पायथॉन ३.९ पासून झोनइन्फो ही नवी लायब्ररी सोबतच येते, ती घ्या.

परदेशी डेटा उतरवलात तर रविवार तपासा. ब्रोकरचे बहुतेक सर्व्हर हिवाळ्यात जीएमटी अधिक दोन, उन्हाळ्यात अधिक तीन तास असतात, म्हणजे दिवसाची कँडल (चार्टवरची भावाची पट्टी) न्यूयॉर्कच्या संध्याकाळी पाचला बंद होते आणि आठवड्याला पाचच कँडल बनतात. काही सर्व्हर युरोपच्या तारखांना बदलतात. त्यांच्याकडे मधल्या आठवड्यांत रविवारची एका तासाची बुटकी कँडल येते, आठवड्यात सहा होतात आणि मूव्हिंग अ‍ॅव्हरेज (मागच्या ठरावीक कँडलची सरासरी) बिघडतो. ती कँडल सोमवारात मिसळा.

बाकीचं थोडक्यात. जपान, सिंगापूर, हाँगकाँग घड्याळाला हात लावत नाहीत; टोकियोचे नऊ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, कायम. सिडनी उलट्या दिशेने जातं: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे, त्यामुळे तिथल्या रिझर्व्ह बँकेचा अडीचचा निर्णय आपल्याकडे हिवाळ्यात नऊला आणि उन्हाळ्यात दहाला. अमेरिकेच्या सिनेटने २०२२ मध्ये घड्याळ मागेपुढे करायची पद्धत बंद करायचं विधेयक मंजूर केलं होतं, प्रतिनिधिगृहात ते अडलं. बातमी वाचून सेटिंग बदलू नका. आणि परदेशी अ‍ॅपवर मार्जिनने फॉरेक्स करणाऱ्यांनी वेळेची काळजी करण्याआधी आपल्या रिझर्व्ह बँकेची अलर्ट लिस्ट (परवानगी नसलेल्या फॉरेक्स अ‍ॅपची यादी) पाहावी.

घड्याळ बदललं की पहिल्या डेटाच्या दिवशी एक मिनिटाचा चार्ट न्यूयॉर्कच्या वेळेवर लावा. सगळ्यांत लांब कँडल ८:३० ला दिसली पाहिजे. ७:३० किंवा ९:३० ला दिसली तर झोनचं सेटिंग उघडा. बऱ्याचदा 'डीएसटी ऑन' कोणीतरी हाताने दाबलेलं सापडतं.