दह्यात पाणी घातलं म्हणजे ताक होत नाही

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये दुपारी ताक मिळतं. म्हणजे पाटीवर तसं लिहिलेलं असतं. आत काय चालतं ते मी एकदा पाहिलं: दही, पाणी, बर्फ आणि चाट मसाला मिक्सरमध्ये टाकायचं, गर्रकन फिरवायचं, की झालं ताक. जेवणानंतर तो ग्लास रिचवला की तासाभरात पोट जड होतं, डोळे मिटायला लागतात आणि आपण म्हणतो, "मला ताक बाधतं."

बाधतं ते पातळ केलेलं दही. त्यातलं लोणी निघालेलंच नसतं. आयुर्वेदात ताकाचा एवढा मान आहे तो लोणी काढलेल्या ताकाचा. प्राचीन वैद्य सुश्रुताची व्याख्या अगदी नेमकी आहे: घुसळून स्नेह वेगळा काढलेला, निम्मं पाणी, फार दाट नाही आणि फार पातळही नाही, ते तक्र. दही जड आणि उष्ण मानलंय, ताक हलकं आणि भूक वाढवणारं. पातेलं एकच, दूधही एकच. मधे फक्त रवी फिरते.

वाग्भट या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकाराने ताकाच्या उपयोगांची लांबलचक यादी दिली आहे. त्यात मूळव्याध आहे, ग्रहणी म्हणजे पचन बिघडून होणारा जुलाबाचा जुना विकार आहे, तोंडाला चव नसणं आहे, आणि एक मजेदार नोंद आहे, 'घृतव्यापद्', म्हणजे तूप जास्त झाल्याने झालेली बाधा. लग्नाच्या पंगतीत तुपातल्या जिलबीशेजारी मठ्ठ्याची वाटी का असते, हे मला ती ओळ वाचल्यावर कळलं. बाकी यादीकडे मी परंपरेचं म्हणणं म्हणून पाहतो. मूळव्याधीतून रक्त पडत असेल तर डॉक्टरकडे जावं, रवीकडे नव्हे.

आता करायचं कसं ते सांगतो. पहिल्या तीन आठवड्यांत माझं दोनदा फसलंय, त्यामुळे कुठे फसतं तेही येईलच.

१. दूध आणि साय

पिशवीवरचं फॅटचं प्रमाण वाचून घ्या. फुल क्रीम दुधात ६ टक्के फॅट असतं, टोन्डमध्ये ३ टक्के. ताक कुठल्याही दुधाच्या दह्याचं होईल, पण लोणी हवं असेल तर फुल क्रीम, नाहीतर सरळ म्हशीचं. खोक्यातलं बहुतेक दूध होमोजिनाइज केलेलं असतं. त्यातले स्निग्धाचे कण इतके बारीक केलेले असतात की साय वर येतच नाही. त्याच्यावर वेळ घालवू नका.

दूध उकळून मंद आचेवर पाचेक मिनिटं ठेवा, झाकण न घालता निवू द्या, मग फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी जाड भाकरीसारखी साय निघते. ती एका स्टीलच्या किंवा काचेच्या डब्यात गोळा करायची. पहिल्याच दिवशी सायीत चमचाभर दही मिसळून डबा दोन-तीन तास बाहेर ठेवा आणि मग फ्रिजमध्ये. रोजची नवी साय त्यातच घालून ढवळत जा. नुसती साय साठवली की चार-पाच दिवसांत कडवट होते, विरजणाची साय टिकते. पण टिकते म्हणून पंधरवडा ठेवायची नाही. मी एकदा दहा दिवस ठेवली होती. त्या तुपाचा वास शेवटच्या चमच्यापर्यंत गेला नाही. सहा-सात दिवस ही मर्यादा.

तांब्या-पितळेचं भांडं वापरणार असाल तर आधी कल्हई बघा. आंबट पदार्थ उघड्या तांब्या-पितळेला लागला की कळकतो.

२. विरजण

सायीशिवाय थोडं साधं दहीही लावा, म्हणजे ताकाला अंग येतं. दूध करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता येईल इतपत कोमट हवं. फार गरम असेल तर दही चोथापाणी होतं, गार असेल तर लागतच नाही. अर्ध्या लिटरला उन्हाळ्यात अर्धा चमचा विरजण पुरे, थंडीत दीड. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत लागतं. डिसेंबरात मी पातेलं टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी रात्रभर ठेवतो.

दही पूर्ण लागू द्या. अर्धवट लागलेल्या, दुधाळ दह्याला जुन्या ग्रंथांत 'मंदक' म्हणतात आणि ते वात, पित्त, कफ हे तिन्ही दोष वाढवणारं म्हणून टाळायला सांगितलंय. पातेलं तिरकं केलं की दही एकसंध हललं पाहिजे.

३. घुसळणं

सगळं कसब या पायरीत आहे.

साय आणि दही खोल पातेल्यात घ्या, पातेलं निम्म्याच्या वर भरू नका. आधी पाण्याशिवाय दोन-तीन मिनिटं रवी फिरवा. मिश्रण फुगून मऊ होतं, आइस्क्रीमसारखं. मग थोडं थोडं पाणी घालत घुसळत राहा. पाणी उन्हाळ्यात फ्रिजमधलं किंवा बर्फाचं, कडाक्याच्या थंडीत किंचित कोमट. लोणी साधारण १२ ते १६ अंशांच्या आसपास नीट जमतं. त्यापेक्षा गरम असेल तर ते वितळल्यासारखं मिश्रणातच राहतं, फार गार असेल तर कण एकमेकांना चिकटत नाहीत.

माझं पहिलं फसलेलं ताक एप्रिलमधलं. वीस मिनिटं घुसळून हात भरून आले, लोण्याचा पत्ता नाही. आईला फोन लावला. तिने पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठलं घातलंस रे?" नळाचं घातलं होतं, आणि नळाला टाकीचं तापलेलं पाणी. "बर्फाचे चार खडे टाक आणि आवाज ऐक," म्हणाली आणि फोन चालूच ठेवला.

आवाज खरंच बदलतो. आधी जाडसर, घट्ट 'घुरघुर' असते, रवीला ओढ लागते. मग एका क्षणी रवी एकदम हलकी होते आणि पाण्यात हात मारल्यासारखं 'चुबूक चुबूक' ऐकू येतं. आत बघावं तर पांढऱ्या मलईऐवजी खाली पातळ ताक आणि वर रव्यासारखे पिवळसर कण. त्यानंतर रवी हळू फिरवायची, कण एकत्र येऊन गोळा होतो. हात गार पाण्यात बुडवून तो गोळा काढून घ्या, नाहीतर अर्धं लोणी तळव्यालाच राहतं.

मिक्सर चालेल का? चालेल, पण सलग नको. सात-आठ सेकंदांचे झटके द्या, मधे थांबा. सलग फिरवला की भांडं तापतं आणि परत एप्रिल महिना.

४. पाण्याचं माप

घरोघरी पाणी अंदाजाने घालतात, पण सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या 'भावप्रकाश' या ग्रंथात पाण्याच्या आणि लोण्याच्या हिशेबाने पाच नावं दिली आहेत. पाणी न घालता सायीसकट घुसळलं तर घोल. साय काढून बिनपाण्याचं घुसळलं तर मथित. चौथा हिस्सा पाणी घातलं तर तक्र. निम्मं पाणी असेल तर उदश्वित. लोणी काढून भरपूर पाणी घातलेलं ते छच्छिका, त्यातल्या त्यात सगळ्यांत हलकी. सुश्रुत निम्म्या पाण्याच्या ताकाला तक्र म्हणतो, भावमिश्र चौथ्या हिश्श्याच्या. मी सुश्रुताच्या बाजूचा आहे, कारण आमच्या घरी ताक भातावर ओततात, चमच्याने खात नाहीत.

आणि कँटीनमधलं ते? पाणी घातलेला घोल म्हणू या.

५. कोणी, कधी, कशाबरोबर

वेळ दुपारच्या जेवणाच्या शेवटी. 'भोजनान्ते च किं पेयम्' या कोड्याचं उत्तर शाळेत आपण पाठ केलंच आहे: 'तक्रं शक्रस्य दुर्लभम्'. इंद्राला मिळत नाही, आपल्याला मिळतं, तर नीट प्यावं.

सोबत काय घालायचं ते सुश्रुताने एका श्लोकात मिटवलंय. वाताच्या तक्रारीला, म्हणजे गॅस धरणं, पोट फुगणं वगैरेला, आंबट ताक आणि सैंधव. पित्ताच्या माणसाला गोडसर, ताजं ताक आणि साखर. कफासाठी सुंठ, मिरी, पिंपळी. आपण सरसकट सगळ्यांना जिरेपूड, हिंग, आलं, मिरची आणि मीठ घालतो. चवीला उत्तमच, पण जळजळ होणाऱ्याला तोच मसाला घालून वर "ताक थंड असतं, पी" म्हणणं हा अत्याचार आहे. ज्यांना ब्लडप्रेशर आहे त्यांनी मीठ हात राखून घालावं. सैंधव झालं तरी ते मीठच. दुधाची ॲलर्जी असेल तर ताकही नको. नुसतं दूध न पचणाऱ्यांना मात्र ताक बऱ्याचदा चालतं, कारण विरजणातल्या जिवाणूंनी दुधातली काही साखर आधीच संपवलेली असते.

आता ज्यावर घरी वाद होतात तो मुद्दा. आपल्याला वाटतं ताक उन्हाळ्याचं. सुश्रुत म्हणतो, उष्णकाळात देऊ नये. जखम असताना, अशक्तपणात, चक्कर, दाह आणि रक्तपित्त (नाकातोंडातून वगैरे रक्त पडणं) असतानाही नको. त्याच्या मते ताकाचे दिवस थंडीचे आणि भूक मंदावलेली असतानाचे. दह्याबद्दल चरकही शरद, ग्रीष्म आणि वसंतात हात आखडता घ्यायला सांगतो. त्याचं कारण आंबटपणा: आंबट ते पित्त वाढवणारं. मग मे महिन्यात करायचं काय? मी आमच्यापुरता तोडगा काढलाय. त्याच दिवशी सकाळी घुसळलेलं, आंबायला वेळ न मिळालेलं, लोणी काढलेलं पातळ ताक, त्यात चिमूटभर साखर आणि जिरेपूड. दुपारी तीनपर्यंत संपवायचं. उरलेलं आंबट ताक उन्हाळ्यात ग्लासात जात नाही, कढईत जातं.

रात्री दही नाही, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे, तेही चरकाचंच. त्याच श्लोकात पुढे आहे की दही गरम करून खाऊ नये, आणि नुसतंही खाऊ नये. तूप-साखर, मुगाचं कढण, मध किंवा आवळा यांपैकी काहीतरी सोबत असावं. दहीसाखरेला परीक्षेच्या दिवसापेक्षा जुनं कारण आहे म्हणायचं.

६. आंबट ताकाचं काय

कढी. दोन वाट्या ताकाला सपाट चमचाभर बेसन आधी गारच असताना कालवून घ्या, गुठळी राहू देऊ नका. आलं-मिरची, कढीपत्ता, चवीला गुळाचा खडा. मंद आचेवर सतत ढवळत राहा आणि कडेला बुडबुडे दिसले की बंद. खळखळ उकळली की फुटलीच. बेसन ताकाला धरून ठेवतं, पण त्यालाही मर्यादा आहेत. तुपाची हिंग-जिऱ्याची फोडणी वरून.

तांदळाच्या पिठाची उकड आणि ताकातला पालक हे आणखी दोन मार्ग, दोन्ही ज्याला जमतात त्याला सांगायची गरज नाही.

७. लोण्यापासून तुपापर्यंत

गोळा दोन-तीन पाण्यांनी धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. ताकाचा अंश राहिला की लोणी लवकर आंबतं. एखादा दिवस ताजं लोणी ज्वारीच्या भाकरीवर खा, उरलेलं त्याच आठवड्यात कढवा.

जाड बुडाचं पातेलं, मंद आच. आधी ते फसफसतं, मग तडतडतं आणि पाणी संपलं की शांत होतं. शांत झालं की जागचं हलायचं नाही. तूप पारदर्शक सोनेरी दिसेल, तळाशी बसलेला गाळ, म्हणजे बेरी, बदामी होईल. त्याच क्षणी गॅस बंद, कारण पातेल्याची उष्णता पुढे दोन मिनिटं काम करतच राहते. माझं दुसरं फसणं इथलं: दाराची बेल वाजली, कुरिअर घेतलं, सही केली आणि परत येईपर्यंत बेरी कोळसा. आमच्याकडे शेवटी विड्याचं अर्धं पान टाकतात, वास छान येतो. रवाळ हवं असेल तर गाळल्यावर हलवू नका, सावकाश थिजू द्या. साठवायला काच किंवा चिनी माती. काशाच्या भांड्यात दहा दिवस राहिलेलं तूप आयुर्वेदाने वर्ज्य सांगितलंय.

एक लिटर फुल क्रीम दुधाच्या रोजच्या सायीतून आम्हाला आठवड्याला लहान वाटीभर तूप मिळतं, थंडीत थोडं जास्त.

बेरीत साखर घालून मुलांना द्या. आणि तुपाचं पातेलं लगेच घासायला टाकू नका. कुकरमधला गरम भात त्यात घाला, वर चिमूटभर मीठ, आणि कडेचं सगळं पुसून निघेल असा कालवा. आमच्याकडे तो भात कोणी खायचा यावर दर रविवारी भांडण होतं.