जुन्या फोटोचं साल कसं काढावं: तासगावच्या रथाने शिकवलेलं

गावाचे जुने फोटो मिळवणं अवघड नाही. दोन लग्नं आणि एक तेरावं गाठलंत की पिशवीभर हाती लागतात. सल्ले देणारे नेमके तिथेच चार पानं खर्च करतात. खरी गोची पुढे, साल ठरवताना होते.

सोप्या गोष्टी आधी उरकतो. फोटो मागून घरी आणू नका. लॅपटॉप, स्कॅनर घेऊन त्यांच्याच सोप्यात बसा आणि काम झालं की जागच्या जागी परत द्या. साधा फोटो ६०० डीपीआयवर (स्कॅन किती बारीक, त्याचं माप) स्कॅन करा, काडेपेटीएवढा असेल तर १२०० वर. मागची बाजूही स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो सोडवायच्या फंदात पडू नका, अंगणातल्या सावलीत धरून काचेवरूनच टिपा. मागे काही लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने लिहा. आणि गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये झालेल्या जाळपोळीत ज्यांचे वाडे गेले, त्यांच्या घरी ‘जुना अल्बम आहे का’ असं थेट विचारू नका. तिथे आधी चहा घ्या, ऐका.

आता साल.

सांगली जिल्ह्यातल्या तासगावात जवळपास प्रत्येक घरी एक फोटो हमखास निघतो, गणपतीच्या रथाचा. सगळ्यांत अवघड फोटो हाच. रथ दर ऋषिपंचमीला निघतो, दोर ओढत माणसंच तो काशी विश्वेश्वराच्या देवळापर्यंत नेतात. म्हणजे तिथी आयती मिळते, साल मात्र काही केल्या कळत नाही, कारण रथ तोच, रस्ता तोच, मागे पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या गणपती मंदिराचं सात मजली गोपूरही तेच.

असाच एक फोटो मी गल्लीतल्या एका आबांना दाखवला आणि विचारलं, ‘‘आबा, कुठल्या सालचा हो?’’ ते फटकन म्हणाले, ‘‘ह्यो बेचाळीसचा. मी सोता दोर वढत हुतो की!’’ मी खूश झालो. गणपतीतल्या प्रदर्शनात खाली ठळक ‘१९४२’ लिहून तो लावला. एक निवृत्त गुरुजी त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले, चष्मा कपाळावर चढवून फोटोला नाक लावलं आणि हळूच म्हणाले, ‘‘बेचाळीसला द. सातारा कुठनं आला?’’

रथाच्या चाकाआड एका दुकानाची पाटी अर्धवट दिसत होती: ‘...गाव, जि. द. सातारा’. दक्षिण सातारा जिल्हा झाला १९४९ ला, आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. बेचाळीस साली तासगाव साध्या सातारा जिल्ह्यात होतं. माझं स्कॅन चांगलं होतं, मीच पाटी वाचली नव्हती.

आबा खोटं बोलत नव्हते. ‘चले जाव’च्या चळवळीत ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, आणि त्या पिढीला तरुणपणचं सगळं बेचाळीसमध्येच घडल्यासारखं वाटतं. चूक माझ्या प्रश्नात होती. म्हणून म्हाताऱ्या माणसाला साल कधीही विचारू नका. ‘तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? थोरला शाळेत जायचा का?’ असं विचारा, आकडा तुम्ही नंतर काढा. दोघांना विचारायचं तर वेगवेगळ्या दिवशी. एकत्र बसवलं की दुसरा पहिल्याचीच री ओढतो.

फोटोत बघायचं ते रथाच्या भोवतालचं फालतू सामान. एसटीची गाडी दिसली तर फोटो १९४८ च्या आधीचा नाही. पाटीवर पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचा. नसेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कित्येक दुकानदार तो आजही लिहीत नाहीत. गाडीचा नंबर एमएच-१० ने (सांगलीच्या क्रमांकाने) सुरू होत असेल तर १९८९ किंवा त्यानंतरचा. भिंतीवर काँग्रेसची बैलजोडी असेल तर रंगवलेली १९७१ च्या आधीची, गाय-वासरू सत्तरच्या दशकातलं, हात १९७८ पासून पुढे.

इथेच भलेभले घसरतात. भिंतीवरचं चिन्ह निवडणुकीनंतर दहा वर्षंही तसंच राहतं. म्हणून असली खूण ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगते, ‘याच्या नंतरचा नाही’ हे सांगत नाही. ‘द. सातारा’चंही तेच. जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून कुठला दुकानदार दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावतो? ती पाटी पासष्टातही लटकत असू शकते.

वरची मर्यादा, म्हणजे ‘याच्या नंतरचा नाही’ हे, हवी असेल तर वस्तूंचे दर शोधा. पाटीवरचं नाव जुनं राहील, भाव जुना ठेवून धंदा चालत नाही. आमच्या फोटोत डाव्या कोपऱ्यातल्या हॉटेलच्या फळीवर खडूने ‘चहा १ आणा’ लिहिलेलं सापडलं. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. लोक पुढे वर्ष-दोन वर्षं आण्यातच बोलत राहिले, तेवढी सूट द्या.

या सगळ्याच्या आधी अक्षरं उलटी नाहीत ना, ते बघून घ्या. निगेटिव्ह उलटी छापली गेली की डावीकडचं हॉटेल उजवीकडे जातं आणि तुम्ही नसलेल्या चौकाचा इतिहास लिहिता. नव्वदीतल्या रंगीत फोटोंच्या कोपऱ्यातली नारिंगी तारीखही प्रमाण मानू नका. सेल बदलल्यावर ती नीट लावायची तसदी फार थोडे घेत.

फोटोखाली एकच साल ठोकू नका. मी आता लिहितो: ‘रथ, तासगाव. १९४९ ते साधारण १९५८. आधार: पाटीवर द. सातारा, चहाचा भाव आण्यात.’

ही नवी पाटी आबांना वाचून दाखवली. ‘‘असंल,’’ म्हणाले, ‘‘पर दोर वढणारा ह्यो मीच.’’ फोटोत दोर ओढणारे सगळेच पाठमोरे आहेत.