युद्धथरार मालिकेचा शेवटचा भाग: फसतो कुठे, सावरायचा कसा

सहा-सात भाग गाजलेल्या मालिकेचा शेवटचा भाग आपटतो, तेव्हा दोष सहसा अखेरच्या लढाईत नसतो. आधीच्या भागांची थकलेली उधारी नडते. म्हणून नवं पान लिहिण्याआधी जुने भाग ओळीने वाचा आणि वहीत चार रकाने आखा: पात्र, त्याचं वय आणि हुद्दा, झालेल्या जखमा, वाचकाला दिलेला पण न पाळलेला शब्द.

चौथा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. दुसऱ्या भागात बेपत्ता झालेला साथीदार, चौथ्यात अर्धवट सोडलेला फितुरीचा संशय, अशी प्रत्येक उधारी नव्या भागाच्या कुठल्या प्रकरणात फेडली जाणार ते समोर लिहा. जागाच नसेल तर दोन वाक्यांत मिटवा, पण मिटवा. शेवटच्या भागात कोरा करकरीत खलनायक आणू नये. त्याची दहशत बसवण्यातच निम्मं पुस्तक जातं आणि जुना वैरी परस्पर मारला जातो.

खरा घोळ हुद्द्याचा. भारतीय लष्करात कायम कमिशन (निवृत्तीपर्यंतची नेमणूक) घेतलेला अधिकारी साधारणपणे २ वर्षांनी कॅप्टन, ६ वर्षांनी मेजर आणि १३ वर्षांनी लेफ्टनंट कर्नल होतो. कर्नलपदासाठी निवड व्हावी लागते. पहिल्या भागातला कॅप्टन कथेतल्या पंधरा वर्षांनंतर दार फोडून सर्वांत आधी आत शिरत असेल, तर वाचक हसतो. त्याला नुसतं नकाशासमोर बसवलं, तर जांभई देतो. यावर उपाय असा की धोका त्याच्या निर्णयात आणायचा. तो पाठवेल त्या तुकडीचा म्होरक्या वाचकाच्या चांगल्या ओळखीचा हवा, आणि तुकडी गेल्यावर संपर्क तुटायला हवा. डोंगराळ भागात हे ओढूनताणून आणावं लागत नाही: वायरलेस संचाच्या व्हीएचएफ रेडिओ लहरी साधारण सरळ रेषेत जातात, मध्ये कडा आला की आवाज गेला. मग पुढची कुमक पाठवायची की थांबायचं, हा पेच खास त्याच्या हुद्द्याचा.

तांत्रिक चुका शेवटच्या भागात वाढतात, कारण मुदत डोक्यावर असते. एके-४७ मिनिटाला सुमारे ६०० गोळ्यांच्या वेगाने चालते, म्हणजे ३० गोळ्यांचं मॅगझिन सलग गोळीबारात ३ सेकंदांत रिकामं. त्यामुळे दोन पानांच्या चकमकीत मॅगझिन बदलणं दिसलंच पाहिजे. सायलेन्सर लावला तरी ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा कडाका ऐकू येतोच. थर्मल, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या, दुर्बिणीतून खिडकीच्या काचेपलीकडचा माणूस दिसत नाही. ही चूक तर चित्रपटांनी पार रूढ करून टाकली आहे.

पानांचं गणित आधीच ठरवा. ३०० पानांच्या पुस्तकात लढाई २६५ च्या आसपास संपावी. उरलेल्या पानांत चौकशी, पदकाची शिफारस, मृताच्या घरी जाणं, तुकडीची पांगापांग. नेमका हाच भाग लेखक दोन पानांत गुंडाळतात.

खर्डा झाला की दोन वाचकांना द्या. एकाने सगळे भाग वाचलेले असावेत, दुसऱ्याने एकही नाही. पहिल्याकडून राहिलेल्या उधारीची यादी घ्या. दुसऱ्याला तो जिथे अडखळला त्या पानांवर पेन्सिलीने खूण करायला सांगा. अशा पानांवर बहुधा मागच्या भागांचा गोषवारा कोंबलेला असतो, तो कापा.