डायरेक्ट कॉस्ट काढायची कशी? नुसती खरेदीची बिलं बेरजून नाही

माल विकला जातोय, पैसे पण येतायत, पण एका नगामागे नेमकं काय सुटतं ते कळत नाही, असं धंदा करणारे बरेच जण म्हणतात. माझ्या मते निम्मी गडबड डायरेक्ट कॉस्टमध्येच असते, म्हणून आधी तेवढंच नीट बघूया.

खर्च डायरेक्ट आहे की नाही याची कसोटी एकच. खर्च समोर आला की विचारायचं, हा कुठल्या नगावर पडला ते बोट ठेवून दाखवता येतंय का? समजा तुम्ही लाकडी टेबलं बनवताय. त्यात गेलेलं लाकूड दाखवता येतं, सुताराने घातलेले तास दाखवता येतात. पण सुपरवायझर सगळ्याच कामांवर फिरतो, जागेचं भाडं सगळ्यांसाठीच असतं, ते कुठल्या एका टेबलाच्या नावावर टाकणार? ते इनडायरेक्ट, म्हणजे ओव्हरहेड. खिळे आणि सरस टेबलातच जातात हे खरं, पण ते नगामागे मोजत बसण्यात काही राम नाही म्हणून सहसा ओव्हरहेडमध्येच टाकतात.

डायरेक्टमध्ये तीन गोष्टी येतात. कच्चा माल, मजुरी, आणि त्या कामापुरताच झालेला इतर खर्च, जसं की एका ऑर्डरसाठी भाड्याने आणलेला साचा किंवा डिझाइनची नगामागे द्यायची रॉयल्टी. तिन्हींची बेरीज म्हणजे प्राइम कॉस्ट.

इथे एक घोळ फार जण करतात, डायरेक्ट म्हणजे व्हेरिएबल, म्हणजे कामाबरोबर कमीजास्त होणारा खर्च, असं धरून चालतात. तसं नाहीये. मशीनला लागणारी वीज कामाबरोबर वाढते, पण सगळ्या मशीनला मिळून एकच मीटर असेल तर ती इनडायरेक्टच राहते, आणि त्या साच्याचं भाडं 10 नग काढा नाहीतर 100, तेवढंच असतं, तरी ते डायरेक्ट.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कच्चा माल. महिन्याभरात जेवढी खरेदी केली तेवढा खर्च झाला असं नसतं, जेवढा माल वापरला तेवढाच खर्च धरायचा. सुरुवातीला लाकडाचा साठा 40,000 चा होता, महिन्यात 1,00,000 चं घेतलं, शेवटी 30,000 चं उरलं, म्हणजे वापरलं 1,10,000 चं. त्यात मजुरी 50,000 आणि साचा 10,000 मिळवले की प्राइम कॉस्ट 1,70,000. महिन्यात 100 टेबलं पूर्ण झाली आणि अर्धवट काहीच नसेल तर नगाला 1,700. नुसती खरेदी धरली असती तर 1,600 आले असते आणि त्या आकड्यावर तुम्ही भाव देऊन मोकळे झाला असता! अर्धवट टेबलं पडलेली असतील तर त्यांच्यावर झालेला खर्च त्या 100 च्या माथी मारायचा नाही, तो वेगळा काढायचा.

आणि वाया जाणारं लाकूड? 10 फुटी फळीतून 3 फुटाचे तीन तुकडे निघाले, 1 फूट उरलं. ते उरलेलं कामाचं नसेल तर प्रत्येक तुकड्यावर 3 फूट नाही, 3.33 फुटाचा खर्च पडला, कारण हे नुकसान नेहमीचंच आहे. असे उरलेले तुकडे भंगारात विकले तर आलेले पैसे त्यातून वजा करा. पण पाणी शिरून अख्खा गठ्ठा कुजला तर ते नगाच्या खर्चात घुसडू नका, ते सरळ नुकसान म्हणून दाखवायचं, नाहीतर पुढच्या महिन्यात तुम्हालाच वाटेल की टेबल अचानक महाग का झालं.

वाहतुकीचं सोपं आहे, कच्चा माल आणायचं भाडं मालाच्या किमतीत, तयार माल पोचवायचं भाडं विक्री खर्चात. ओव्हरटाइमचं मात्र बघावं लागतं, गिऱ्हाइकाने घाई केली म्हणून जास्तीचा दर द्यावा लागला तर तो त्याच ऑर्डरवर टाका, एकूणच काम साचलं होतं म्हणून दिला असेल तर जास्तीचा भाग ओव्हरहेडमध्ये.

हे सगळं जमायला सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. प्रत्येक ऑर्डरचं एक कार्ड करा, त्यावर किती माल उचलला, किती परत ठेवला, कोणी किती तास काम केलं हे त्याच दिवशी लिहा. महिन्याच्या शेवटी आठवून लिहायला बसलात तर परत ठेवलेला माल हमखास राहून जातो.