पेज उघडत नाहीये? नेटवाल्याला फोन लावायच्या आधी हे करून बघा

नेट स्लो झालं की आपण आधी नेटवाल्याला फोन लावतो आणि तो म्हणतो, "दादा, राउटर बंद करून चालू करा." त्यापेक्षा पेज नक्की कुठे अडकतंय ते स्वतःच बघा, फार वेळ लागत नाही.

आधी थोडक्यात, होतं काय. तुम्ही साइटचं नाव टाकता, पण मशीनला लागतो आकड्यांचा आयपी पत्ता, म्हणून आधी डीएनएस सर्व्हरला विचारणा होते, पत्ता मिळाला की त्या सर्व्हरशी कनेक्शन जोडलं जातं आणि मग पेज तुकड्या-तुकड्यांनी येतं. असा एक तुकडा म्हणजे पॅकेट, ते साधारण १५०० बाइटचं, म्हणजे ३ एमबीचा फोटो असेल तर दोनेक हजार पॅकेटं झाली की. वाटेत एखादं हरवलं तर ते परत पाठवावं लागतं, फोटो अर्धा येऊन लटकतो ना, तेव्हा बऱ्याचदा हेच चाललेलं असतं.

आता विंडोजवर स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून ती काळी विंडो उघडा. पिंग (ping) लिहून पुढे राउटरचा पत्ता टाका, बऱ्याच घरात तो १९२.१६८.१.१ असतो, नाहीतर राउटरच्या खालच्या स्टिकरवर बघा (आकडे अर्थातच इंग्रजीत टाका). राउटरपर्यंत जाऊन-येऊन किती वेळ लागला ते दिसेल, २-४ मिलिसेकंद आले तर मस्त. शंभरच्या वर जात असेल किंवा मधेमधे टाइम आउट येत असेल तर लोचा घरातच आहे, नेटवाल्याला शिव्या देऊ नका, पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जाडजूड भिंतींतून वायफाय तसंही कसंबसंच जातं, लॅन केबल लावून परत बघा.

मग पिंग ८.८.८.८, हा गूगलचा डीएनएस. हे चालतंय पण कुठल्याच साइटचं नाव चालत नाही? मग डीएनएस गंडलाय, नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ (हा क्लाउडफ्लेअर कंपनीचा) टाका, काम झालं.

खरी मजा ट्रेसर्ट (tracert) या कमांडमध्ये आहे (मॅकवर ट्रेसराउट, traceroute), तीही त्याच काळ्या विंडोत लिहायची. पुढे साइटचं नाव टाका, वाटेतला एकेक राउटर ओळीने दिसायला लागतो. पहिली ओळ तुमच्या घरची, पुढच्या एक-दोन नेटवाल्याच्या, मग बहुतेक वेळा मुंबई, तोवर आकडा १० च्या आतबाहेर. आणि साइट परदेशातली असेल तर एकदम १२०, २०० वगैरे उडी दिसते, तिथे पॅकेट समुद्राखालच्या केबलमध्ये शिरलंय, मुंबईत अशा बऱ्याच केबल वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात. ही उडी बघून घाबरायचं नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो आणि न्यूयॉर्क इथून सरळ रेषेत १२ हजारांच्या वर, म्हणजे जाऊन-येऊन १२० मिलिसेकंद तर लागणारच, प्लॅन १०० चा ३०० एमबीपीएस केलात तरी. मोठ्या साइट कॉपी मुंबईतच ठेवतात ते याचसाठी.

मधे आकड्याऐवजी तारे (*) दिसले तर सोडून द्या, काही राउटर उत्तरच देत नाहीत. पण दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासूनच आकडा फुगलाय आणि शेवटपर्यंत तसाच राहतोय, तर मात्र घोळ नेटवाल्याकडेच आहे. संध्याकाळी एकदा, सकाळी एकदा असे स्क्रीनशॉट काढा आणि व्हॉट्सअॅपवर पाठवून मगच फोन करा.